रविवारची जलपर्णी

आमच्या गल्लीत अजून म्हणतात की पार्लरवालीने सासऱ्याला तळ्यात ढकललं. म्हणोत बापडे. ढकललं हे खरंच आहे, फक्त गुडघाभर पाण्यात आणि हातात दाताळं देऊन.

त्याचं असं झालं. सासूबाई गेल्या आणि बाबांनी बोलणं बंद केलं. सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस, पण सासूबाईंच्या मागे जो थांबला तो थांबलाच. खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायचे, तेही खिडकीकडे पाठ करून. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. माझं पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत. केस कापताना आरशात मला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे बाबा दिसायचे, दिवसभर. नवरा म्हणायचा, "वेळ लागतो गं, होतील हळूहळू बरे." त्याला काय जातंय बोलायला, तो सकाळी डबा उचलून कामावर पसार. आरशासमोर मी उभी होते.

मग एकदा दातांच्या डॉक्टरांची बायको केस रंगवायला आली. डोक्याला रंग लावून बसलेल्या बाईकडून जगातली सगळी माहिती मिळते. ती म्हणाली, "आमचे हे दर रविवारी डेपोमागच्या तळ्यावर जातात, जलपर्णी काढायला. घरात हूं की चूं नाही, आणि तिकडून चिखलाने माखून गाणी म्हणत येतात." मी ब्रश खाली ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं.

बाबा नको म्हणाले. मग मी खोटं बोलले. म्हटलं, "तुमचं नाव देऊन बसलेय. आता गेला नाहीत तर चारचौघांत माझी शोभा होईल." सुनेची शोभा होऊ नये एवढ्यासाठी बिचारे उठले.

ही जलपर्णी दिसायला मोठी साळसूद. जांभळी फुलं, गुळगुळीत पानं, पाण्यावर अलगद तरंगते. पण एक रोप सोडा, चार दिवसांत त्याला पिल्लं, पिल्लांना पिल्लं, आणि बघता बघता सगळं तळं झाकण घातल्यासारखं बंद. खाली ना ऊन पोचत ना हवा. मासे मरतात, पक्षी पाठ फिरवतात आणि डासांचं फावतं. आमचं तळं असंच गेलं होतं. परगावची माणसं त्याला मैदान समजायची.

ते परत मिळवायचा विडा उचलला होता शिट्टीसरांनी. हे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, गळ्यातली शिट्टी मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. पाण्यात उतरायला एक शिट्टी, ओढायला दोन, चहाला लांबलचक. आणि सगळं झाल्यावर झाडणी. झाडणी म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, खिसे उलटे करायचे, पँटचे पाय सोडायचे, बूट आपटायचे आणि शेजाऱ्याची पाठ झाडायची. नखाएवढा तुकडासुद्धा काठावरून बाहेर जाता कामा नये, कारण दुसऱ्या पाण्यात पडला तर तिथे संसार थाटेल. सर स्वतः वाकून प्रत्येकाच्या पँटची घडी तपासत. डॉक्टरांच्या मिशीत एकदा पान सापडलं होतं, ते दोन महिने सांगितलं जात होतं.

पहिल्या रविवारी बाबा घरी आले ते ओलेचिंब, आणि दारातूनच म्हणाले, "त्या डॉक्टरला ओढताच येत नाही. मूळ धरतो आणि विचारतो, दुखतंय का." मी कंगवा हातात धरून बघतच राहिले. बाबांचं इतकं मोठं वाक्य घरात कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

मग दर रविवारी बातम्या येऊ लागल्या. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा होत्या तिथे. जाळ्याचं एक टोक थोरलीकडे, एक धाकटीकडे, आणि मधला सगळा संसार शिट्टीवर. बाबा दोघींची नक्कल करून दाखवायचे. दोनदा वाढून घ्यायचे. वरणात मीठ कमी आहे म्हणायला लागले, नवरा गाडी कशी वाकडी लावतो ते त्याला खिडकीतून ओरडून सांगायला लागले. घरात पुन्हा कटकट सुरू झाली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण चांगलं काम करण्याचा एक तोटा असतो, ते संपतं. तळं उघडं पडलं. मधोमध आभाळ दिसायला लागलं, एक पाणकोंबडी कुठूनशी येऊन ऐटीत पोहू लागली. सरांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं की येत्या रविवारी कॉलेजच्या प्रोफेसरबाई तळं बघून जातील. मग दाताळी-जाळी परत, सगळ्यांचे आभार, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी आराम करावा.

त्या दुपारी बाबांनी ताट अर्धं ठेवलं, हात धुतले आणि जाऊन खुर्चीत बसले. खिडकीकडे पाठ करून. एकदा ओढून बाहेर काढलेला माणूस पुन्हा बुडायला लागला की दुसऱ्यांदा हात कुठून आणायचे, ते मला कळेना.

आणि पुढच्या रविवारी चमत्कार झाला. पायऱ्यांजवळ जलपर्णी. मूठभरच, पण टवटवीत. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, बाईंचं येणं पुढे ढकललं गेलं, आणि बाबा घरी येऊन दोनदा जेवले. त्याच्या पुढच्या रविवारी ती तीन ठिकाणी निघाली. त्याच्याही पुढच्या वेळी कुठे कुठे निघाली ते सांगताना बाबा हातवारे करत होते आणि त्यांच्या तोंडावर काळजी काही दिसत नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी तिला हुसकून लावली. भरल्या ताटावरून उठून कोण संशय घेतो?

शेवटी हा संशय माझ्या गिऱ्हाइकानेच खाली आणला, कानामागे खोचून. एक बाई धुतलेले केस उन्हात वाळवायला गच्चीवर गेल्या होत्या. खाली आल्या तेव्हा कानामागे जांभळं फूल आणि माझ्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं.

"तुमच्या टाकीमागे काय सुंदर फुलं आहेत हो," त्या म्हणाल्या. "एक रोप नेते. आमच्या बागेत कारंजं आहे, त्यात छान दिसेल."

मी कात्री टाकून टॉवेल धरला. त्यांनीही धरला. त्या ओढत होत्या, मीही ओढत होते.

"त्याने केस गळतात," मी म्हणाले.

टॉवेल लगेच माझ्या हातात आला. फूल त्यांनी स्वतःच काढून टेबलावर ठेवलं आणि दोनदा हात धुतले. धंद्यात काही खोटी वाक्यं हाताशी ठेवावी लागतात, ती अशी उपयोगी पडतात.

गिऱ्हाईक गेल्यावर मी बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, टाकीमागे काय आहे?"

"बादली."

"बादलीत काय आहे?"

"पाणी."

"आणि पाण्यात?"

बाबांनी छताकडे पाहिलं. "आता तुला दिसलंच आहे तर मला कशाला विचारतेस?"

"अहो, पण झाडणीतून तुम्ही ते आणलंत कसं?"

"थर्मासमधून. सर चहा तपासत नाहीत."

माझा पारा चढला. "दोन वर्षं चिखल तुडवला तुम्ही सगळ्यांनी. आणि आता आपल्याच हाताने परत घाण करताय? कुंपणानेच शेत खायचं?"

"मूठभर टाकतो गं," बाबा म्हणाले. "शनिवारी दुपारी टाकतो, रविवारी निघून जाते. कुणाचं काय जातं? आमच्या डेपोत शेवटची बस रिकामी जायची, तरी सोडायची असायची. एकदा फेरी बंद केली की रूटच बंद करतात."

मी त्यांना झापायला हवं होतं. सरांना जाऊन सांगायला हवं होतं. पण त्यांनी हे सगळं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, आणि मला पुन्हा त्यांची पाठ बघायची नव्हती. मी म्हटलं, "गिऱ्हाइकांना दिसेल असं तरी ठेवू नका. आणि त्या कोपऱ्यात ऊन कमी येतं." एवढं बोलून मी पार्लरमध्ये आले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. फार नाही, थोडी.

मग काहीतरी आठवून परत गेले. "पण तीन ठिकाणी कशाला टाकायची?"

"मी एकाच ठिकाणी टाकतो," बाबा म्हणाले. "पायऱ्यांजवळ. बाकीची कुणाची आहे तेच कळत नाही." आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या बसमध्ये कुणीतरी विनातिकीट चढलंय. "हा कुणीतरी बदमाश माणूस आहे. धडधडीत तळं बिघडवतोय."

शनिवार म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस. तरी मी दुपारी पार्लरला कुलूप लावलं. बाबांचं म्हणणं, टाकणारा शनिवारीच येणार, कारण रविवारी ती ताजी दिसायला हवी. चोराची पावलं चोराला ठाऊक, म्हणून मी वाद घातला नाही. आम्ही काठच्या लव्हाळ्यात जाऊन बसलो. बाबांच्या मांडीवर थर्मास होता, त्यांचं स्वतःचं टाकायचं राहिलं होतं. बदमाश सापडेपर्यंत थांबू म्हणाले.

आधी डॉक्टर आले. जेवणाच्या सुट्टीत तसेच निघालेले, पांढऱ्या कोटात. खिशातून स्टीलची डबी काढली, चिमट्याने एक रोप अलगद उचललं, पाण्यावर ठेवलं आणि बोटाने किंचित आत ढकललं. मग इकडेतिकडे बघून चिमटा कोटाला पुसला आणि निघून गेले. बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

आम्ही उठणार तेवढ्यात एका बाजूने पर्स घेतलेली थोरली जाऊ आणि दुसऱ्या बाजूने मिटलेली छत्री घेतलेली धाकटी. दोघींनी एकमेकींना पाहिलं. बोलल्या नाहीत. थोरलीने पर्स उघडून पाण्यात रिकामी केली. धाकटीने छत्री उघडली. त्यातून चार रोपं पडली. दोघीही आल्या तशा दोन वाटांनी परत गेल्या.

बाबा आता रुमाल तोंडात कोंबून बसले होते. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतात की काय, पण नाही, हसत होते. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते हसण्याचंच आहे असं ठरवून टाकलं.

आणि मग सर आले. शिट्टी गळ्यात नव्हती. हातात खेळाची मोठी पिशवी, तिची चेन त्यांनी उघडली आणि काठावर गुडघे टेकून ती चांगली झटकून झटकून रिकामी केली. नखाएवढा तुकडा आत राहू दिला नाही. नंतर कुणी बघत नसतानाही त्यांनी पँटचे पाय सोडले, बूट आपटले आणि मगच वाटेला लागले.

सर दिसेनासे झाले. बाबांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. ते पाण्याकडे बघत होते. आम्ही इतका वेळ माणसं मोजत होतो, तळं नीट पाहिलंच नव्हतं. पलीकडचा सगळा काठ पुन्हा हिरवा झाला होता. पाणकोंबडी मागे पिल्लं घेऊन पोहत आली, त्या हिरव्याशी अडली, थोडी घुटमळली आणि मागे फिरली.

"प्रत्येकजण मूठभरच टाकत होता," बाबा म्हणाले.

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, रोप बाहेर काढलं आणि पाण्यापासून लांब, कोरड्या दगडावर ठेवलं. मुळं वर करून, सुकायला ठेवतात तसं. "हे बरोबर नाही झालं सूनबाई," एवढंच म्हणाले. घरी येऊन खुर्चीत बसले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीसुद्धा तळ्यावर गेले. प्रोफेसरबाई आल्या होत्या. ठेंगण्याशा, चष्मा कपाळावर, चिखलाची फिकीर नसलेल्या. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि छाती पुढे काढून भाषण ठोकलं. कुणीतरी विघ्नसंतोषी माणूस आपल्या मेहनतीवर पाणी फिरवतो आहे, तो आपल्यातला नक्कीच नाही, तो सापडला तर त्याची गय केली जाणार नाही. डॉक्टर आभाळात काहीतरी शोधू लागले. दोन्ही जावांनी मान डोलावली, एकाच वेळी. सरांचं धाडस बघून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला.

बाई मात्र भाषण ऐकतच नव्हत्या. त्या पाण्यात उतरून एकेक रोप उपटत होत्या.

"तळ्यातल्या जलपर्णीची मुळं काळी, गाळाने भरलेली असतात," त्या म्हणाल्या. "ही बघा, धुतल्यासारखी स्वच्छ. नळाच्या पाण्यात वाढलीय. ह्या दुसरीला कुणीतरी खतपाणी घालून पोसलंय. आणि हिला," त्यांनी मुळं नाकाशी नेली, "हिला अंगाच्या साबणाचा वास येतोय. एकाच माणसाचं काम नाही हे."

सरांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजत नव्हती.

बाबा रांगेतून पुढे झाले. मी त्यांची बाही धरायला गेले तर त्यांनी ती सोडवून घेतली.

"मी टाकली," ते म्हणाले. "पायऱ्यांजवळची माझी. तळं साफ झालं की रविवार बंद होणार होता. बायको गेल्यापासून मला तेवढा एकच वार उरलाय. सून माझी चांगली आहे, पण तिने माझ्यापाशी किती बसायचं, तिलाही पोट आहे. मला भीती वाटली बाई. म्हणून टाकली."

हे त्यांनी असं सांगितलं, सगळ्यांसमोर, उन्हात उभं राहून. मी चिखलाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघणं शक्यच नव्हतं.

"आणि ह्याही टाकतात," धाकटी जाऊ एकदम म्हणाली, थोरलीकडे बोट करून.

"हो का? आणि छत्रीतून कोण टाकतं गं?" थोरली म्हणाली.

एवढं बोलून दोघी दचकल्या. दोन वर्षांत एकमेकींशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. मग डॉक्टर खाकरले आणि म्हणाले की आपण फक्त एकच रोप सोडत होतो, तेही निर्जंतुक केलेल्या चिमट्याने. राहता राहिले सर. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि बाईंपुढे धरली.

बाईंनी ती घेतली नाही. त्या आधी भडकल्या, आणि चांगल्याच भडकल्या. पंधरा दिवसांत ही दुप्पट होते, माहीत आहे ना, लहान मुलं आहात का, त्या पाणकोंबडीने कुठे जायचं, सगळं झालं. आम्ही पडेल चेहऱ्याने ऐकून घेतलं. मीसुद्धा, ऊन कमी येतं म्हणून बादली सरकवायला सांगितलेली.

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आमच्याकडे नीट पाहिलं. "पण काम संपलं हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "पाणी दिसायला लागलं ना."

"पाणी दिसलं म्हणजे तर काम सुरू होतं," बाई म्हणाल्या. "तळाच्या गाळात हिचं बी पडलेलं आहे. वर झाकण होतं तोवर झोपलेलं होतं, आता ऊन लागल्यावर उगवणार. अगदी बारीक रोपं येतील काठाकाठाने. ती दर आठवड्याला हाताने वेचावी लागतील. एक आठवडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून."

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"दिवस कसले? ते बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं."

डॉक्टर स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. थोरली हळूच हसली, धाकटीकडे बघून.

"पंधरा की वीस?" बाबा म्हणाले. "नक्की सांगा."

"आता ते मी कसं सांगू आजोबा? पंधरा तरी धराच."

सरांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली आणि ती इतक्या जोरात फुंकली की बाईंनी कान झाकले. त्या दिवशी आम्ही सगळी टाकलेली जलपर्णी बाहेर काढली. मीही काढली, नखांची वाट लावून घेतली. बादल्या, टब, जे जे घरोघरी लपवलेलं होतं ते आणून काठावर उपडं करायला लावलं. झाडणी दोनदा झाली, आणि ह्या वेळी सरांनी थर्मासही उघडायला लावले.

परतताना बाबांच्या डोक्यात काहीतरी चाललेलं दिसत होतं. चौकातल्या औषधाच्या दुकानापाशी ते थांबले.

"सूनबाई, तो डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो म्हणालीस?"

मला क्षणभर कळलंच नाही. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून आम्ही सासूबाई गेल्यापासून त्यांच्या हातापाया पडत होतो. आता काय बघायचं राहिलंय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवऱ्याने तर विषयच सोडून दिला होता.

"पलीकडच्या रस्त्याला," मी म्हटलं. "का?"

"ती बाई म्हणाली ना, बारीक रोपं येतील म्हणून," बाबा म्हणाले. "मला ती दिसायला नकोत? पंधरा वर्षं काय चाचपडत काढू? उद्याची वेळ मिळते का बघ."

रविवार होता, दवाखाना बंद असणार हे मला माहीत होतं. तरी मी तिथेच रस्त्यात उभी राहून, चिखलाच्या हातांनी, फोन लावला.